आधी घरात चालू द्या, पुणं नंतर

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या लोकमान्यनगरात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर (८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी) उबुंटू सर्व्हर २४.०४ टाकलं. घरातले सगळे फोटो, साधारण ३०० जीबी, विंडोजवर वापरलेल्या एका यूएसबी डिस्कवर आहेत. ते इमिचमध्ये (घरच्याच सर्व्हरवर फोटो ठेवून दाखवणारं सॉफ्टवेअर) यावेत आणि मुलीला पुण्यात फोनवर दिसावेत, एवढीच इच्छा. डॉकर (प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या बंद डब्यांत चालवणारं साधन) घातलं, तर आधी ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ म्हणून अडलं. कोणीतरी सुचवलेली स्नॅपची (उबुंटूची प्रोग्राम बसवायची एक पद्धत) एक आज्ञा चालवल्यावर ते गेलं. पण आता डेटाबेसचा कंटेनर सारखा ‘रीस्टार्टिंग’ दाखवतो आणि लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदवहीत) ‘डेटा डिरेक्टरी हॅज राँग ओनरशिप’ येतं. चमोड ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) करून झालं, राउटरवर पोर्ट फॉरवर्डही (बाहेरून येणारं घरातल्या मशीनकडे वळवणं) करून झालं. पान ना घरात उघडतं, ना पुण्यात.

ताई, तुमच्याकडे एक बिघाड नाही, तीन आहेत, आणि तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. डॉकर नको त्या जागेवरून आलंय, डेटाबेस नको त्या डिस्कवर बसलाय, आणि पोर्ट फॉरवर्डिंग तुमच्या कनेक्शनवर बहुधा चालणारच नाही. त्यामुळे यातलं एक बरोबर केलं तरी पान उघडत नाही. माणसाला वाटतं, केलेलं फुकट गेलं. मग तो ते उलटवून दुसरंच काही करून बघतो, आणि गुंता वाढत जातो.

म्हणून क्रम मी सांगतो तोच ठेवा. आधी मशीन, मग कंटेनर, मग घरातलं वायफाय, आणि सगळ्यात शेवटी बाहेरचं जग. आतलं चाललं हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय बाहेरच्याला हात लावायचा नाही. राउटरमध्ये जे पोर्ट फॉरवर्ड केलंत ते आत्ताच काढून टाका. कारण पुढे येईलच. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन लहान अक्षरं.

मशीन

लॅपटॉपचं झाकण मिटलं की उबुंटू त्याला झोपवतं. सर्व्हर म्हणून ठेवलेला लॅपटॉप ‘मधूनच बंद पडतो’ अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच विचारतो. ईटीसी फोल्डरमध्ये सिस्टिमडी, आणि त्यात लॉगइनडी डॉट कॉन्फ नावाची फाइल आहे. तिच्यात ‘हँडल लिड स्विच’ अशी ओळ सापडेल. तिच्या सुरुवातीचं हॅशचं चिन्ह काढा, बरोबरच्या चिन्हापुढे ‘इग्नोर’ लिहा आणि मशीन पुन्हा सुरू करा. आता झाकण मिटून फोनवरून पिंग करून बघा.

दुसरं, ‘डीएफ -एच’ चालवा. २५६ जीबीची एसएसडी असूनही मुख्य फाइल सिस्टिम जेमतेम १०० जीबीची दिसेल. डिस्क खराब नाही. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारी सोय) वापरतो आणि मोठ्या डिस्कवर आपणहून फक्त १०० जीबी देऊन बाकीची जागा राखून ठेवतो. ‘एलव्हीएक्स्टेंड’ला १०० टक्के मोकळी जागा द्यायला सांगा, मग ‘रीसाइझ टू एफएस’ (सलग लिहायचं, ‘टू’ म्हणजे आकडा २) चालवा; दोन मिनिटांचं काम आहे आणि चालू मशीनवर होतं. ही जागा तुम्हाला लागणार आहे, कारण इमिच प्रत्येक फोटोच्या छोट्या प्रती करून ठेवतं. फोटोंच्या एकूण आकाराच्या १० ते २० टक्के धरा. तुमच्या ३०० जीबीला ३० ते ६० जीबी.

सर्व्हर राउटरला लॅनच्या केबलने जोडा. वायफायवरही चालतं, पण काही अडलं की दोष वायफायचा की सॉफ्टवेअरचा हे ठरवण्यात वेळ जातो.

लॅपटॉप मला डेस्कटॉपपेक्षा बरा वाटतो, कारण त्याची बॅटरी हाच यूपीएस. पावसाळ्याआधी एमपीईबीवाले दुरुस्तीसाठी लाइट घालवतात तेव्हा हे कळतं. मात्र लॅपटॉप चालू आणि राउटर बंद, असा प्रकार होतो. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो तो घेऊन टाका. बॅटरी मागून उघडून बघता आली तर बघा. फुगलेली दिसली तर काढा आणि थेट अडॅप्टरवर चालवा. कायम प्लगला लावून ठेवलेल्या जुन्या बॅटऱ्या फुगतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो तेव्हा तर फारच. बायॉसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर लावून टाका. सर्व्हर माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका, दिवाणखान्यात टीव्हीखाली ठेवा.

विजेचा हिशेब सोपा आहे. असा लॅपटॉप निवांत असताना साधारण १५ वॉट खातो, म्हणजे महिन्याला ११ युनिटच्या आत. जुना डेस्कटॉप ६० वॉट धरला तर ४३ युनिट. ज्यांचं बिल १५० युनिटच्या आत बसतं आणि पहिली १०० युनिटं सवलतीने १०० रुपयांत मिळतात, त्यांना हा फरक बोचतो.

डॉकर

‘व्हिच डॉकर’ असं टाइप करा. उत्तरात ‘स्नॅप’ हा शब्द दिसला की पहिला बिघाड सापडला, आणि तुमच्याकडे तो दिसणारच. उबुंटू सर्व्हर बसवताना शेवटी एक यादी येते: हे हवं का, ते हवं का. त्यात डॉकर असतं, आणि नवा माणूस आनंदाने खूण करतो. ते डॉकर स्नॅपच्या कुंपणात राहतं. तुमच्या होम फोल्डरपलीकडचं त्याला सहजी दिसत नाही, म्हणून बाहेरच्या डिस्कवर फोल्डर करायला गेलं की ते ‘रीड-ओन्ली’ म्हणून ओरडतं. तुम्हाला सांगितलेल्या आज्ञेने एमएनटी आणि मीडिया या फोल्डरांपुरतं कुंपण उघडलं. पण उद्या दुसरं काही बसवताना हीच भिंत पुन्हा आडवी येणार. स्नॅपचं डॉकर ठेवून त्यावर ठिगळं लावत बसू नका.

तुमचा अजून काहीच डेटा त्यात नाही, तेव्हा ‘सुडो स्नॅप रिमूव्ह पर्ज डॉकर’ करून (पर्जच्या आधी दोन आडव्या रेघा) मुळापासून काढा. मग डॉकरच्या अधिकृत पानावर उबुंटूसाठी अ‍ॅप्टच्या (उबुंटूचं प्रोग्राम बसवायचं मूळ साधन) भांडारातून बसवायची कृती आहे, तीच ओळीने करा. व्हिडिओ बघून नको. व्हिडिओ जुने होतात, ते पान दुरुस्त होत राहतं. झाल्यावर स्वतःला डॉकर नावाच्या ग्रुपमध्ये घाला आणि एकदा लॉगआउट करून परत या. लॉगआउट राहिलं तर ‘परमिशन डिनाइड’ येतं. एवढं लक्षात असू द्या की डॉकर ग्रुपमधल्या माणसाच्या हाती जवळजवळ पूर्ण रूटची, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकाऱ्याची, सत्ता येते. त्या खात्याचा पासवर्ड नातवंडांना माहीत नसलेला बरा.

‘डॉकर रन हॅलो-वर्ल्ड’. दोन-चार ओळींचं स्वागत आलं, की ही पायरी झाली. ते आलं नाही तर इमिचकडे वळायचंच नाही.

डेटाबेस का रडतोय

आता तुमचा खरा त्रास. इमिच म्हणजे एक प्रोग्राम नाही. चार कंटेनर एकत्र चालतात. एक मुख्य सर्व्हर, एक चेहरे आणि वस्तू ओळखणारा, एक रेडिसच्या जातीचा तात्पुरत्या नोंदींचा, आणि चौथा पोस्टग्रेस, म्हणजे डेटाबेस. पोस्टग्रेस उभा राहिला नाही तर मुख्य सर्व्हर त्याची वाट बघत बसतो आणि तुम्हाला पान दिसत नाही. पान उघडत नाही म्हणून ब्राउझरला दोष देण्यात अर्थ नाही, हे तुम्ही लॉग वाचून ओळखलंत. अर्ध्याहून जास्त लोक लॉग उघडतच नाहीत.

पोस्टग्रेस स्वभावाने संशयी आहे. ज्या फोल्डरमध्ये तो डेटा ठेवतो त्या फोल्डरचा मालक तोच असला पाहिजे, आणि बाकीच्यांना तिथे लिहायची मुभा नसली पाहिजे; नाहीतर तो सुरूच होत नाही. परवानगी ०७०० किंवा ०७५० हवी, असं तो स्वतः लॉगमध्ये सांगतो. आता बघा, तुमची यूएसबी डिस्क एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या फाइली मांडायच्या पद्धतीची, आहे. ती नेहमीच्या पद्धतीने लिनक्सला जोडली की तिच्यावरच्या सगळ्या फाइलींचा मालक एकच ठरतो, जोडणारा. फाइलीगणिक वेगळा मालक नोंदवायची तिथे सोय राहत नाही. पोस्टग्रेस ‘हे माझं कर’ म्हणतो, डिस्क मान डोलावते आणि काहीच करत नाही. म्हणून ‘राँग ओनरशिप’. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीवरही हेच होईल.

आणि चमोड ७७७? एनटीएफएसवर ते निष्फळ गेलं. समजा चांगल्या डिस्कवर केलं असतंत, तरी उपयोग नव्हता; ‘सगळ्यांना सगळं मोकळं’ असलेला फोल्डर पोस्टग्रेसला चालत नाही. ७७७ हा सल्ला कुठेही दिसला की पुढे वाचू नये, असं माझं मत आहे. त्याने एखादी चूक झाकली जाते, पण घराचं दार मात्र उघडं राहतं.

तेव्हा डेटाबेस आतल्या एसएसडीवर, ईएक्सटी४ वर (लिनक्सची स्वतःची पद्धत) ठेवायचा. एसएसडीवर तो चपळही राहतो. होम फोल्डरमध्ये ‘इमिच’ नावाचा फोल्डर करा आणि इमिचच्या अधिकृत ताज्या आवृत्तीबरोबर येणाऱ्या दोन फाइली त्यात उतरवा: एक डॉकर-कंपोज, आणि दुसरी ईएनव्ही, जी ‘एक्झाम्पल डॉट ईएनव्ही’ नावाने येते आणि जिचं नाव बदलून टिंबाने सुरू होणारं ‘डॉट ईएनव्ही’ करायचं. टिंबाने सुरू होणारी फाइल साध्या ‘एलएस’ला दिसत नाही, ‘एलएस -ए’ला दिसते. ईएनव्हीमध्ये चार गोष्टी बघायच्या: अपलोडची जागा, डेटाबेसची जागा (दोन्ही एसएसडीवर), आवृत्ती, आणि डेटाबेसचा पासवर्ड. पासवर्डात फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे घ्या. अ‍ॅट किंवा डॉलरचं चिन्ह घातलं की भलत्याच ठिकाणी मोडतं आणि कारण कळत नाही.

कंपोज फाइल उघडाल तेव्हा दोन नियम. समास स्पेसने द्यायचा, टॅबने नाही. आणि जिथे मध्ये विसर्गासारखं चिन्ह (कोलन) आहे, तिथे डावीकडचं आपल्या मशीनचं, उजवीकडचं कंटेनरच्या आतलं. पोर्ट असो वा फोल्डर, नियम तोच. बदलायचं झालं तर डावं बदला. उजव्याला हात लावू नका.

मग त्या फोल्डरमध्ये उभं राहून ‘डॉकर कंपोज अप -डी’. पहिल्यांदा बरंच काही उतरतं, वेळ लागेल. नंतर ‘डॉकर कंपोज पीएस’. चारही कंटेनर ‘अप’ आणि ‘हेल्दी’ दिसले पाहिजेत. एखादा दिसला नाही तर ‘डॉकर कंपोज लॉग्ज’ आणि त्या सेवेचं नाव. लॉग खालून वर वाचू नका. पहिली ‘एरर’ किंवा ‘फेटल’ शोधा. त्यानंतरच्या पन्नास ओळी बहुतेक तिचीच रडकथा असते.

फोटो: ही एकच प्रत आहे का?

तुम्ही लिहिलंत की डिस्क ‘फॉरमॅट करून ईएक्सटी४ करू का’. नको! ती एकच प्रत असेल तर तिला अजिबात धक्का लावायचा नाही. आत्ता तिला फक्त वाचायला जोडा.

इमिचमध्ये ‘एक्स्टर्नल लायब्ररी’ नावाची सोय याच कामाची आहे. फोटो जिथे आहेत तिथेच राहतात, इमिच ते वाचून दाखवतं. कंपोज फाइलीत मुख्य सर्व्हरच्या व्हॉल्यूम्सखाली एक ओळ वाढवा: डावीकडे डिस्कवरचा फोल्डर, उजवीकडे आतलं एखादं नाव, समजा ‘जुने-फोटो’, आणि शेवटी ‘आरओ’, म्हणजे केवळ वाचण्यापुरतं. पुन्हा ‘अप -डी’. मग इमिचच्या प्रशासनात जाऊन लायब्ररी तयार करा आणि मार्ग द्या. इथे हमखास गफलत होते: मार्ग उजवीकडचा द्यायचा. इमिच कंटेनरच्या आत बसलंय, त्याला तुमचा डावीकडचा फोल्डर त्या नावाने ठाऊकच नाही.

डिस्क एफस्टॅबमध्ये (मशीन सुरू होताना जोडायच्या डिस्कांची यादी) यूयूआयडीने, म्हणजे तिच्या ओळखक्रमांकाने, नोंदवा आणि पर्यायांत ‘नोफेल’ घाला, म्हणजे कधी केबल निघाली तरी मशीन सुरू व्हायचं अडणार नाही. कधी डिस्क न जोडताच रात्रीचं स्कॅन झालं तर इमिचला वाटेल की फोटो गेले, आणि ते दिसेनासे होतील. घाबरू नका. डिस्क जोडून कंटेनर पुन्हा सुरू करा आणि स्कॅन करा, परत येतात.

स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंना स्कॅनची तारीख पडते, म्हणून १९७० सालचं लग्न तुम्हाला २०१८ मध्ये दिसेल. ते दुरुस्त करायला लगेच बसू नका. इमिच ती दुरुस्ती फोटोशेजारी एका एक्सएमपी फाइलीत लिहितं, आणि ‘आरओ’मुळे त्याला तिथे लिहिता येणार नाही. हे काम कायमच्या डिस्कवर गेल्यावर.

कायमची डिस्क म्हणजे नवी डिस्क. सिल्व्हर मॉलमध्ये चार दुकानं फिरून घ्या, पण वॉरंटीचं बिल नावावर घ्या आणि सील बघा. ती ईएक्सटी४ करा, फोटो तिच्यावर उतरवा, मोजून-ताडून बघा, आणि जुनी एनटीएफएस डिस्क हीच तुमची दुसरी प्रत. फॉरमॅट करायची गरजच पडत नाही.

पहिले काही दिवस पंखा घरघरेल. इमिच एकेक चेहरा वाचत असतं आणि प्रोसेसर पुरता कामाला लागलेला असतो. इमिचवाले निदान ६ जीबी रॅम मागतात, तुमच्याकडे ८ आहे. चालेल, पण त्याच वेळी दुसरं काही बसवू नका. एकाच वेळी किती कामं चालवायची हे प्रशासनात कमी करता येतं, १ वर आणा.

घरातलं वायफाय

आधी सर्व्हरवरच ‘कर्ल लोकलहोस्ट’, त्याला लागून कोलन आणि पोर्ट २२८३. काहीतरी एचटीएमएल ओतलं गेलं म्हणजे इमिच बोलतंय. मग ‘होस्टनेम -आय’ (इथे आय मोठा) चालवून पत्ता घ्या, १९२.१६८ ने सुरू होणारा. फोनच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता, कोलन, २२८३. पुढे ‘एचटीटीपी’ स्वतः लिहा, कारण फोन आपणहून ‘एचटीटीपीएस’ लावून मोकळा होतो आणि पान उघडत नाही. फोनवर ‘लोकलहोस्ट’ लिहून उपयोग नाही. फोनचा लोकलहोस्ट फोनच.

तरी उघडलं नाही तर फोन कोणत्या वायफायवर आहे ते बघा. तुम्ही म्हणालात वरच्या किरायेदारांनाही वायफाय दिलंय आणि राउटरवर दोन नावं दिसतात. त्यातलं एक ‘गेस्ट’ असेल तर तिथून घरातलं काहीच दिसत नाही, आणि तसंच हवं. किरायेदार गेस्टवर, तुम्ही मुख्यवर. हे आत्ताच बरोबर करून घ्या, नाहीतर तुमचं लॉगइनचं पान वरच्या मजल्यावरही उघडेल.

पान पहिल्यांदा उघडल्यावर जो खातं काढतो तो प्रशासक होतो. बाहेरचं दार आत्ता बंद करायला सांगितलं ते यासाठीही. आधी तुम्ही खातं काढा, मुलीला वेगळं द्या.

राउटरमध्ये या मशीनसाठी पत्ता राखून ठेवा, डीएचसीपी रिझर्व्हेशन म्हणतात. नाहीतर लाइट जाऊन आल्यावर पत्ता बदलेल आणि ‘काल चालत होतं’ सुरू होईल.

पुणं

राउटरच्या पानावर ‘वॅन’चा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी पत्ता बघा. मग ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी काय’ असं शोधा. दोन्ही आकडे वेगळे आले, आणि वॅनचा १००.६४ ते १००.१२७ मध्ये किंवा १० ने सुरू होणारा असला, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. आयपीव्ही४ चे पत्ते संपत आले (आशियासाठीचा शेवटचा राखीव साठा एप्रिल २०११ मध्येच उघडावा लागला) म्हणून कंपन्या शेकडो घरांना एक सार्वजनिक पत्ता वाटून देतात. रामबागेतल्या जुन्या वाड्याला एकच घरनंबर आणि आत पंधरा बिऱ्हाडं असली, की नुसत्या घरनंबरावर आलेला पोस्टमन दारातच थांबतो. तुम्ही केलेलं पोर्ट फॉरवर्ड तुमच्या बिऱ्हाडाच्या दारावरचं आहे. वाड्याच्या दारावर तुमची सत्ता नाही. कितीही वेळा केलंत तरी पुण्याहून येणारं तुमच्यापर्यंत पोचणार नाही.

आणि पोचत असतं तरी मी नको म्हटलं असतं. घरचे फोटो असलेलं लॉगइन पान सगळ्या जगाला दाखवायचं कारण काय? शिवाय एक बारकी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: तुम्ही यूएफडब्ल्यू फायरवॉलने पोर्ट बंद केलं असलं तरी डॉकर स्वतःचे नियम त्याच्या आधी घालतं. फायरवॉल ‘बंद’ म्हणते आणि पोर्ट उघडंच असतं.

स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा न बदलणारा पत्ता, पैसे भरून मिळतो, पण तुमच्या कामाला तो नको. क्लाउडफ्लेअर कंपनीचा टनेलही (तिच्या सर्व्हरमधून घरात येणारी वाट) सुचवतात. त्याला स्वतःचं डोमेन लागतं आणि फुकटच्या योजनेत एका वेळी १०० एमबीच्या वर चढत नाही, म्हणजे नातवाच्या नाचाचा व्हिडिओ अडकणार. मी तुम्हाला टेलस्केल सांगेन. ते वायरगार्ड नावाच्या तंत्रावर चालतं आणि फक्त तुमच्या मशिनांचं एक खाजगी जाळं विणतं. सर्व्हरवर टेलस्केल बसवा, ‘सुडो टेलस्केल अप’ करा, आलेला दुवा ब्राउझरमध्ये उघडून खात्यात शिरा. मुलीच्या फोनवर त्यांचं अ‍ॅप टाकून तिला तुमच्या जाळ्यात बोलवा. सर्व्हरला १०० ने सुरू होणारा आणखी एक पत्ता मिळेल. सीजीनॅटच्या पत्त्याशी त्याची गल्लत करू नका, दिसायला ते सारखेच. तो पत्ता आणि २२८३ मुलीने इमिचच्या अ‍ॅपमध्ये घातलं की झालं. राउटरला हात लावायचा नाही.

एक मात्र आठवणीने करा. टेलस्केलची किल्ली १८० दिवसांनी संपते. सर्व्हरपुरती ती मुदत त्यांच्या प्रशासनाच्या पानावरून बंद करा, नाहीतर सहा महिन्यांनी, बरोबर दिवाळीत, पुण्याहून फोन येईल की फोटो दिसत नाहीत.

प्रती

इमिच म्हणजे बॅकअप नव्हे. इमिचवाले स्वतःच सांगतात की फोटोंची एकमेव जागा म्हणून यावर विसंबू नका. इमिच रोज रात्री दोनला डेटाबेसची एक प्रत अपलोडच्या जागेतल्या ‘बॅकअप्स’ फोल्डरमध्ये ठेवतं आणि शेवटच्या १४ सांभाळतं. चांगली सोय आहे, पण ती त्याच डिस्कवर आहे. डिस्क गेली की दोन्ही गेलं. आणि नुसत्या डेटाबेसमध्ये फोटो नसतात, अल्बम, नावं आणि मार्ग असतात. दोन्ही लागतात: फोटोंचे फोल्डर आणि हे बॅकअप्स.

आठवड्यातून एकदा दुसरी डिस्क लावा, ‘आरसिंक’ने (फोल्डर जसाच्या तसा उतरवणारी आज्ञा) अपलोडची अख्खी जागा आणि फोटो तिच्यावर घ्या, आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. कायम लावून ठेवायची नाही. विजेचा झटका दोन्ही डिस्कना एकदमच बसतो. तिसरी प्रत इंदूरबाहेर. पुण्याला जाताना एक डिस्क मुलीकडे ठेवून या, पुढच्या खेपेला बदलून आणा.

फोनचं आपोआप अपलोड चालू करायच्या आधी एकदा परत आणून बघा. दुसऱ्या फोल्डरमध्ये रिकामं इमिच उभं करून (आधी पहिलं ‘डाउन’ करा) कालची डेटाबेसची प्रत भरायची आणि दहा फोटो उघडायचे. अधिकृत पानावर परत भरायच्या आज्ञा आहेत. हा अर्धा दिवस जातो. जाऊ द्या.

अपडेट आपोआप करणारे कंटेनर मिळतात, ते इमिचला लावू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये इमिचची २.० ही पहिली स्थिर आवृत्ती आली. त्याआधी दर थोड्या दिवसांनी काहीतरी मोडणारा बदल यायचा, तसं आता होत नाही; तरीही ईएनव्हीमध्ये आवृत्ती ‘व्ही२’ ठेवा, महिन्यातून एकदा नव्या आवृत्तीची टिपणं वाचा, बॅकअप झालाय याची खात्री करा, मग ‘डॉकर कंपोज पुल’ आणि ‘अप -डी’. उबुंटूच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येतात, आणि २४.०४ ला २०२९ पर्यंत त्या मिळत राहतील.

वडिलांच्या भजनांच्या कॅसेटी एमपीथ्री केल्यात त्यांचं विचारलंत. त्यासाठी नॅव्हिड्रोम हलकं आहे, पोर्ट ४५३३, याच लॅपटॉपवर आरामात बसेल. पण इमिच महिनाभर नीट चालल्यावर.

अडलात तर मला तीन गोष्टी पाठवा: ‘डॉकर कंपोज पीएस’चं पूर्ण उत्तर, जो कंटेनर अडलाय त्याच्या लॉगमधल्या पहिल्या एररच्या आगेमागच्या वीसेक ओळी, आणि ‘डीएफ -एचटी’ (टी मोठा), म्हणजे कोणती डिस्क कोणत्या जातीची ते कळेल. स्क्रीनचा फोटो नको, मजकूर कॉपी करा. ईएनव्ही फाइल पाठवणार असाल तर त्यातला पासवर्ड आधी खोडा.